चौथ्या गिअरात घाट

वीर स्टेशनवरून वरंधकडे उतारू नेणाऱ्या सुहासची स्वतःची म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे पंचवीस वर्षांची जुनी व्हॅन. तिच्यावर त्याचं चार माणसांचं घर चालायचं आणि तिचंच इंजिन मारायचा त्याने विडा उचलला होता.

स्टँडवरच्या बहाद्दरांची एक मर्दुमकी आहे. वरंधच्या पुढचा चढ चौथ्या गिअरातच काढायचा. तिसऱ्यात आला तो कच्चा. वर सुहास मलाच शिकवायचा, "थर्ड पेट्रोल पितो, काकू!"

मी महिन्यातून एकदा वरच्या वाडीत नणंदेकडे जाते. १७ जानेवारीची माझ्या वहीत नोंद आहे: "चढावर इंजिनात टकटक, डब्यात खडे हलवावेत तशी. सपाटीला बंद." २१ फेब्रुवारी: "भर दुपार, आठ उतारू. टकटक मोठी." १४ मार्च: "वाटेत म्हैस आडवी, म्हणून दुसऱ्यात निघालो. आवाज नाही."

दोष चौथ्या गिअरचाच, यापरता पुरावा काय हवा? आमच्या जुन्या गाडीने असंच केलं, तेव्हा यजमानांनी मला समजावलं होतं. सिलिंडरातलं पेट्रोल प्लगच्या ठिणगीने क्रमाने जळायला हवं. आत काजळी साचलेलं, तापलेलं इंजिन वरच्या गिअरात कमी वेगाने रेटलं, की उरलेलं पेट्रोल आपोआप भडकतं आणि त्याचा तडाखा पिस्टनवर बसतो. हे मी सुहासला सांगितलं.

"टॅपेटचा आवाज हाय तो, काकू. इंजिनाच्या झडपा वाजत्यात."

"मग सपाटीला का गप्प बसतं तुझं टॅपेट?"

"खाली हवा थंड असते."

खाली म्हणजे महाड, आणि तिथली हवा थंड! पुढच्या सीटवर त्याची बायको आम्रपाली होती. ती म्हणाली, "चौथ्यात गेलाव तर हार घालायला कोण उभा हाय वर?"

त्याने मनावर घेतलं, पण भलतंच. मेकॅनिक चांगूकडे जाऊन "पिकअप वाढव" म्हणाला. चांगूने टायमिंग पुढे घेतलं, म्हणजे ठिणगी आणखी लवकर पडू लागली. टकटक वाढली. त्यावर सुहासने उपाय शोधला: टेप मोठ्याने लावला.

९ मे. शेवटच्या वळणाआधी मी ओरडले, "तिसरा टाक रे!" त्याने आरशात पाहिलं. मागून स्टँडवरच्याच अनिलची जीप येत होती. अनिलच्या देखत तिसरा? सुहासने दात आवळून चौथा दामटला. फाडकन आवाज झाला, निळा धूर भरला आणि आम्ही आठ जण रस्त्यावर उतरलो. अनिल हात हलवत पुढे गेला.

चांगूने पिस्टन काढला तर माथ्याला भोक. नवं इंजिन परवडणारं नव्हतं. व्हॅन भंगारात गेली.

आता सुहास त्याच अनिलची जीप रोजावर चालवतो. परवा मी बसले होते. चढ लागताच त्याने निमूट तिसरा टाकला.

"काय रे, थर्ड पेट्रोल पितो ना?"

"ही डिझेलवर हाय, काकू," तो म्हणाला.