वीज आल्यास होय

गाडी थांबली की फायरमन खाली उतरून चाकांकडे पाहतो. शरणप्पा अण्णा उतरून वर पाहत. वर धूर असे आणि आभाळ. अण्णांना तिथे विजेची तार दिसे. इंजिनात कोळसा टाकण्यात त्यांचा जन्म चालला होता. बिदरजवळच्या नौबादला ते माझे शेजारी; मी बिदर स्टेशनात मालधक्क्याचा कारकून.

कुण्या साहेबाच्या रद्दीतलं एक इंग्रजी मासिक त्यांच्याकडे होतं. पहिल्या महायुद्धानंतर विलायतेत यॉर्क ते न्यूकॅसल मार्गासाठी विजेचं जोरदार इंजिन बांधलं, पण तारा टाकल्याच नाहीत, असं त्यात होतं. ही चूक अण्णांनी मनाला लावून घेतली.

"तवा तारा टाकल्या असत्या बाबू, तर वाफ तिथंच मेली असती. मग ती इंजिनं निजामानं घेतली असती, आन् आपल्या लहानपणीच बिदरला तार आली असती. माझ्या डोळ्यांत कोळसा गेला नसता."

"निजामानं घेतली असती कशावरून?"

"त्याचं मी बघतो."

त्या न झालेल्या रेल्वेचं, यॉर्कवरून जाणाऱ्या लंडन ते एडिंबरा गाडीचं, त्यांनी वेळापत्रकही केलं होतं. मला आकडे तपासायची खोड. टप्प्यांची बेरीज केली, तर त्यांनी लिहिलेल्या एकूण वेळेपेक्षा सात मिनिटं जास्त भरत होती. अण्णा तीन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. चौथ्या दिवशी कुंपणापाशी येऊन म्हणाले, "यॉर्कला चहाला थांबती."

त्यांच्या घरात तेव्हा वीज नव्हती. वेळापत्रक चिमणीच्या उजेडात चाले. महादेवक्का, त्यांची बायको, आतून ओरडे, "विलायतला वीज देऊन झाली असंल तर चिमणीत रॉकेल घाला!"

मग वरून कागद आला. डिझेल इंजिनाचं शिक्षण घ्यायचं, पुढे ड्रायव्हरची जागा. प्रत्येक फायरमननं होय किंवा नाही लिहून सही करायची होती. अक्का माझ्याकडे आली. "बाबू, त्यांना व्हय लिहायला सांगा. वाफ बंद पडली की ह्यांना कोण इचारतंय?"

मी अण्णांना समजावलं. ते म्हणाले, "विलायतवाले बी असंच चुकले. वाफ सोडली आन् डिझेलच्या मागं लागले. शेवटी विजेकडंच जायचं, तर मधल्या ठेसनात कामून उतरायचं?"

"अण्णा, इथं वीज यायला वर्षं लागतील."

"मी थांबायलाव की."

त्यांनी कागदावर स्वच्छ अक्षरात लिहिलं: 'वीज आल्यास होय.' साहेबानं तो दोनदा वाचला. "'आल्यास'ला रकाना नाही," म्हणाला, आणि खाली 'नाही' लिहून घेतलं.

अण्णांच्या हाताखाली शिकलेले दोघे डिझेलवर गेले. वाफेची इंजिनं बंद झाली तेव्हा अण्णांना फलाटावरच्या नळांची देखरेख दिली. चार नळ होते. त्यांतले दोन गळत.

त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी आम्ही बाकावर बसलो होतो. डिझेलची गाडी आली. ड्रायव्हर त्या दोघांपैकीच एक. त्यानं खिडकीतून हात जोडून नमस्कार घातला, "अण्णा, शरणु!" अण्णांनीही हात जोडले आणि सवयीनं इंजिनाच्या वर पाहिलं.

मला राहवलं नाही. "वेळेवर तारा टाकल्या नाहीत म्हणून तुम्ही इंग्रजांना इतकी वर्षं नावं ठेवली. तुमची वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत?"

गाडी सुटली, फलाट मोकळा झाला. एवढ्या वर्षांत एक गोष्ट मी कधी विचारली नव्हती.

"त्या यॉर्कच्या इंजिनाचं पुढं काय झालं?"

"शेडमधी उभं ऱ्हायलं. मग भंगारात काढलं. त्या रस्त्यावर एक दिस बी पळालं न्हाई."

ते उठले. गळता नळ घट्ट करायचा प्रयत्न केला, तो बंद झाला नाही.

"पर बाबू," माझ्याकडे न पाहता ते म्हणाले, "त्याच्यात खोट नव्हती."