बेराच्या दारातला गाईड

तॉर्फी गेल्या मंगळवारी गेला. रेक्याविकच्या दवाखान्यात, भर दुपारी. त्याच्या मुलीने, स्टेनुनने, फोन केला.

"स्कुली, पेपरात तुझ्याही चार ओळी हव्यात. तू लिहितोस ना."

आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या ओळखीचे सगळेच लिहितात. शेजारी लिहितो, बोटीवरचा जोडीदार लिहितो, दफनाच्या दिवशी ते छापून येतं. मी हो म्हटलं. मग विचारलं, "आईला सांगितलंस?"

"कशाला? तिचं त्याच्यासाठी एकदा रडून झालंय."

ते मला माहीत होतं. मी तेव्हा तिथेच होतो.

दोन वर्षांपूर्वी मी साहित्याची पदवी घेतली आणि त्या पदवीचं कोणाला काही पडलेलं नव्हतं. एका लहानशा कंपनीत उन्हाळ्यापुरतं काम मिळालं. पंधरा माणसांची बस, बेटाला पूर्ण वळसा, आठ दिवस. ड्रायव्हर आणि गाईड तॉर्फीच. मी बॅगा चढवायच्या, दुपारी ब्रेड कापायचा, मागे राहिलेल्यांना हाकत आणायचं.

पहिल्या दिवशी त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"काय शिकलास?"

"साहित्य."

"म्हणजे मासा साफ करता येत नाही."

"नाही."

"कवी, मग तू ब्रेडच काप."

तेव्हापासून मी कवी. एकही कविता न लिहिता.

तो पासष्टीचा होता. पस्तीस वर्षं मासेमारीच्या ट्रॉलरवर काढलेली. हात एवढे मोठे की माईक त्यात दिसायचा नाही. बोलायचा फार कमी. धबधबा आला की म्हणायचा, "हा धबधबा. उतरा, बघा." लाव्हाच्या काळ्या पसाऱ्यातून जाताना म्हणायचा, "इथे तीन घरांची शेती होती. डोंगराने घेतली." हिमनदीच्या तळ्यावर कोणीतरी हमखास विचारायचं, हा बर्फ किती जुना. "माझ्याहून जुना," तो म्हणायचा. "पण चाललाय माझ्याआधी." लोक हसायचे. त्याला हसू यायचं नाही. तरी सहल संपताना सगळे त्यालाच मिठी मारायचे, मला नाही.

पाचव्या दिवशी आम्ही पूर्वेच्या खाड्यांत शिरायचो. तिथे एका गावात तो बस थांबवायचा. छापील कार्यक्रमात हे गाव नव्हतं. एक बंदर, एक चर्च, मासळीचा बंद कारखाना आणि लाल छपराचा वृद्धाश्रम.

"अर्धा तास," तो माईकवर सांगायचा. "बंदरावर जा. सील दिसतात."

त्या बंदरात सील कधीच दिसले नाहीत.

पहिल्या खेपेला मी त्याच्याबरोबर निघालो. त्याने आरशात बघून केस विंचरले.

"आत माझं नाव घ्यायचं नाही," तो म्हणाला. "आत मी गाईड."

वृद्धाश्रमाच्या खिडकीत एक बारीकशी म्हातारी बसली होती. पांढरी वेणी, मांडीवर विणकाम. बस बघून ती दारापर्यंत आली.

"आलात? या. कितीजण आहेत आज? सगळ्यांना आणा की आत."

"सगळे बंदरावर गेलेत, बाई. मी एकटाच आलो. आणि हा पोरगा."

"बारीक आहे हो. याला खायला देत नाही वाटतं?"

"देतो. सगळं डोक्यात जातं त्याच्या."

ती खूप हसली. वृद्धाश्रमाला ती आपलं घर समजत होती. याद्विगा नावाची पोलंडची परिचारिका कॉफी घेऊन आली, आणि त्या म्हातारीने, बेराने, ती स्वतः केल्यासारखी आमच्यापुढे ठेवली. सोबत पीळ दिलेल्या, तळलेल्या गोड वड्या.

बेरा त्याची बायको होती. चाळीस वर्षांच्या संसाराची.

तो समुद्र सोडून घरी आला आणि वर्षभरात तिला विसर पडायला लागला. सगळ्यात आधी तोच पुसला गेला. म्हणजे नवरा आहे हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो समुद्रावर आहे, येईल, हेही ठाऊक होतं. फक्त घरात हा जो म्हातारा फिरतोय तो कोण, ते कळेना. ती त्याला स्वयंपाकघरातून हाकलायची. एकदा पोलीस बोलावले. शेवटी तिला तिच्या माहेरच्या गावी आणलं. तिथे ती शांत झाली. तॉर्फी तिथेच खोली घेऊन राहिला, रोज जायचा. रोज ती याद्विगाला हाक मारायची, "कोणीतरी माणूस येऊन बसलाय."

मग त्याने बसची नोकरी धरली. बाहेर बस उभी आणि दारात गाईड, हे तिला पटलं. गाईड आला तर कॉफी द्यायची असते.

त्या उन्हाळ्यात मी हे दर फेरीला पाहिलं. तो समोर बसायचा, ती त्याला नवऱ्याबद्दल सांगायची.

"आला की झोपतो. उठला की जातो. पोरगी झाली तेव्हा कुठे होता माहीत आहे? पार उत्तरेच्या समुद्रात. तारेने कळवलं."

"पोहोचली का तार?"

"पोहोचली. उत्तर आलं, छान. एवढंच. छान!"

तॉर्फी कपात बघत म्हणाला, "तारेला जास्त शब्द परवडत नसतील."

"तुम्ही त्याची बाजू घेऊ नका. तुम्ही पुरुष सगळे सारखेच."

"माणूस कसा आहे पण?"

बेराने थोडा विचार केला. "चांगला असावा," ती म्हणाली. "मला बघायला वेळ कधी मिळाला?"

त्या दिवशी पुढच्या घाटात त्याने माईक बंद केला. मग म्हणाला, "कवी, तिला एकदा कळायला पाहिजे."

"काय?"

"मी परत आलो ते. बाकी काही कळलं नाही तरी चालेल. वाट बघताबघता मरायला नको ती."

"कसं सांगणार?"

"सांगून कळत नाही. सांगून बघितलंय." त्याने गिअर बदलला. "यायचं. तो येतो तसं यायचं."

पुढच्या फेरीला त्याने आपली जुनी पिशवी आणली होती. बोटीवर नेतात ती, जाड कापडाची, दोरीने तोंड आवळायची. त्या गावाच्या अलीकडे बस थांबवून त्याने कंपनीचं जाकीट काढलं आणि बेराने विणलेला तपकिरी स्वेटर घातला. याद्विगाला त्याने फोनवर सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली होती, बघ करून, नाहीतरी वाईट काय होणार.

पाऊस आणि वारा होता. लोक बंदरावर गेले. तो पिशवी खांद्यावर टाकून आत शिरला, मी मागोमाग. बेराच्या खोलीचं दार उघडं होतं. तो उंबऱ्यात थांबला. पिशवी खाली ठेवली. टोपी काढून हातात धरली. काय बोलायचं ते त्याने वाटेत दहा वेळा घोकलं होतं, मी ऐकलं होतं. बेरा, मी आलो. आता कायमचा आलो. पण त्याच्या घशातून आवाज निघेना.

बेराने पिशवीकडे पाहिलं. मग स्वेटरकडे. मग त्याच्या तोंडाकडे. तिने विणकाम बाजूला ठेवलं आणि ती उभी राहिली.

"पाद्री नाही आले?" तिने विचारलं. "तुम्हालाच पाठवलं?"

"बेरा—"

"कधी झालं?"

"बेरा, मी आहे. मी तॉर्फी."

"असं बोलू नये." ती अगदी हळू म्हणाली, लहान मुलाला समजावतात तसं. "तुम्ही भले गृहस्थ आहात. पिशवी घेऊन इतक्या लांब आलात. बसा. ओले झालात. स्वेटर असू दे तुम्हाला. त्याला आता काय त्याचं."

तिने त्याला हाताला धरून बसवलं. कॉफी मागवली. तो कप घेईपर्यंत समोर उभी राहिली. मग पिशवी दोन्ही हातांनी उचलून पलंगावर ठेवली, तिच्याशेजारी बसली आणि रडायला लागली. एवढ्याशा अंगातून असा आवाज येईल असं मला वाटलं नव्हतं. याद्विगा धावत आली. तिने मला खुणेने सांगितलं, याला घेऊन जा.

बसमध्ये सगळे येऊन बसले होते. भिजलेले, गप्प.

"सील नाही दिसले," एक कॅनडाची बाई म्हणाली.

"आज नाहीत," तॉर्फी म्हणाला. त्याने बस चालू केली.

खाडीच्या टोकाशी आल्यावर तो माझ्याशी बोलला. रस्त्यावरची नजर न हलवता.

"तिचा बाप बुडाला तेव्हा अशीच पिशवी आली होती. बोट बुडाली, पिशवी बंदरावर राहिलेली. बंदरावरच्या एका माणसाने आणून दिली. उंबऱ्यात ठेवली, टोपी काढली आणि गप्प उभा राहिला. या गावात तसंच करतात. दार हिनेच उघडलं होतं. सात वर्षांची होती." तो थांबला. "लग्नाआधी सांगितलं होतं तिने मला. एकदाच."

पुढच्या वळणावर त्याने वेग कमी केला.

"तिच्या सगळं लक्षात होतं, कवी. विसरलो मी."

त्यानंतर बस दिसली की बेरा खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायची. अशी बातमी आणणाऱ्याचं तोंड पुन्हा बघावंसं वाटत नाही. तॉर्फी आत जायचा नाही. पण बस थांबवायचा. स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहायचा आणि मला पाठवायचा.

"खाते का?"

"खाते."

"रडते?"

"याद्विगा म्हणते, आता नाही."

"वाट बघते?"

"नाही."

"मग झालं तर," तो म्हणायचा. आणि थोड्या वेळाने, "पण मी इथे आहे ना रे. दाराच्या बाहेर आहे मी."



सप्टेंबरात शेवटची फेरी निघाली. डोंगरांच्या माथ्यावर बर्फ उतरला होता. मी आत गेलो तर बेरा दाराशीच होती, काळं जाकीट घालून.

"त्या गाईडला बोलाव," ती म्हणाली. "एक विचारायचं राहिलं."

मी पळत गेलो. तॉर्फी बसमधून उतरला आणि दोन पावलं चालून थांबला. "ती मला हाकलणार नाही ना?" त्याने विचारलं. मग आला. या वेळी कंपनीच्या जाकिटात.

बेराने त्याला समोर बसवलं. कॉफी दिली. तो एक घोट पिईपर्यंत थांबली.

"मिळाला का?" तिने विचारलं.

आमच्याकडे बुडालेल्या माणसाबद्दल शेवटी एवढंच विचारतात. तिचा बाप मिळाला नव्हता. चर्चमागे त्याच्या नावाचा दगड आहे, दगडाखाली कोणी नाही.

तॉर्फीने कप खाली ठेवला. याद्विगा दारात उभी होती, तीही हलली नाही.

"मिळाला," तो म्हणाला.

"कुठे?"

"इथेच. याच खाडीत. गावासमोर."

"म्हणजे घराकडेच येत होता."

"हो. घराकडेच."

"फार उशीर केला त्याने."

"हो. फार केला." त्याचा आवाज फाटला. "पण आला, बेरा. घरी आला तो. आता नाही कुठे जाणार."

ती त्याच्याकडे बघत राहिली. मला क्षणभर वाटलं, ओळखलं. पण ती नुसतीच बघत होती. मग तिने हात पुढे करून त्याचा हात थोपटला.

"बरं झालं सांगितलंत," ती म्हणाली. "जा आता. तुमची माणसं खोळंबली असतील."

माझी ती नोकरी तेवढ्यापुरतीच होती. तॉर्फीने आणखी दोन उन्हाळे बस चालवली. स्टेनुन सांगते, बेराने त्याला पाहून पुन्हा कधी तोंड फिरवलं नाही. दर फेरीला कॉफी व्हायची. ती नवऱ्याबद्दल बोलायची, पण आता गेलेल्या माणसाबद्दल बोलतात तसं. त्याचे गुण सांगायची. पोरीसाठी एकदा कुठल्याशा बंदरातून त्याने बाहुली आणली होती, ते सांगायची. तो ऐकायचा. या वर्षीची शेवटची फेरी करून तो आला आणि दवाखान्यात गेला.

शनिवारी त्याला त्या गावी नेणार आहेत. जागा त्यानेच सांगून ठेवली होती, तिच्या बापाच्या दगडाशेजारी. चर्च वृद्धाश्रमासमोरच आहे. लोक जमतील, गाड्या येतील, घंटा वाजेल. बेरा खिडकीत असेल. ती विचारेल, कोण गेलं.

"तू बस तिच्याजवळ," स्टेनुन म्हणाली. "मी थडग्यापाशी असेन. काय सांगायचं ते तू ठरव, तू शिकलेला आहेस."

आज गुरुवार आहे. मला अजून काही सुचलेलं नाही.