आधी पाणी, मग तेजाब

मंडळी, आज सकाळी नात रसायनशास्त्राचा प्रयोग इंग्रजीत घडाघडा म्हणत होती, अन् मला माझी शाळा आठवली.

निजामाच्या राज्यात धाराशिवला आमचं रसायनशास्त्र उर्दूत असायचं. घरी मराठी, म्हणून मी सगळं नुसतं पाठ करायचो. प्रयोगाच्या दिवशी तोंडानं 'तेजाब पानी में डालो', म्हंजे ॲसिड पाण्यात घाला, असं म्हणत होतो, अन् हातानं मात्र पाणीच ॲसिडात ओतायला निघालो.

उस्तादांनी मनगट धरलं. "अब येच बात घर की बोली में बोल."

"आधी पाणी, मग..." म्हणता म्हणता मी पाण्याचं भांडं खाली ठेवलं. ते तेजाब उसळून थेट तोंडावर आलं असतं.

आज नातीला म्हणलं, "आता मराठीत सांग." तिनं परत तेच इंग्रजीत म्हणायला सुरुवात केली.

उद्या तिचं प्रॅक्टिकल हाय. तिथं तिचं मनगट कोण धरणार?