आवाज मांडवात गेला

माझ्या माहेरच्या पाड्यात एक स्पीकर आहे. बादलीएवढा, वर उचलायला कडी. तो कुणा एकाचा नाही, सगळ्या पाड्याचा. ज्याच्या घरी कार्य, त्याच्या ओट्यावर त्याचा मुक्काम. आणि रीत अशी, की गाणी एकट्या कार्यवाल्याच्या फोनवरून लावायची नाहीत. पाळीपाळीने घरोघरचा फोन जोडायचा, म्हणजे ‘आमचं गाणं काय वाजलंच नाय’ म्हणून कोणी तोंड फुगवायला नको. त्यामुळे पाड्यातला एकूण एक फोन त्या स्पीकरच्या ओळखीचा झालेला. मला ही रीत फार आवडायची. त्या दिवसापर्यंत.

मी मुरबाडकडे दिलेली. माहेर शेणव्याच्या पुढे, डोंगराला लागून. चुलतभावाच्या लग्नाला आले होते. चुलत्यांचं घर आणि आमचं घर भिंतीला भिंत, अंगण एकच, मांडवही दोन्ही घरांना मिळून एकच पडलेला. पिशवी ठेवते न ठेवते तोच धाकट्या भावाची बायको मला हाताला धरून मागच्या पडवीत घेऊन गेली.

“ताई, उद्या दुपारी माझा इंटरव्ह्यू हाय. फोनवरच. आईंना नाय सांगितलंय.”

काम आसनगावजवळच्या एका गोदामात, कॉम्प्युटरवर बिलं बनवायचं. ती लग्नाआधी कोर्स करून बसलेली आणि इथे येऊन भात लावत होती. याआधी एकदा त्याच लोकांचा फोन आला तेव्हा ती चिखलात होती आणि फोन घरात फळीवर. आता त्यांनी स्पष्ट सांगितलं होतं, की पुन्हा फोन करणार नाही, बाकीच्या मुली रांगेत आहेत.

“आणि तुझा नवरा काय म्हणतो?” मी विचारलं.

“म्हणतात, मला चालेल, पण आईला तू सांग.”

माझा भाऊ नंदीबैल आहे, आईने मान हलवली की याची हलते. पण त्याला तरी काय बोलू? आईला सांगायची हिंमत माझीही नव्हती. बारावीनंतर मला शहापूरच्या एका दवाखान्यात काम मिळालं होतं. आठवड्यातून काही रात्री तिथे राहावं लागणार होतं. मी नवा ड्रेससुद्धा शिवून घेतला होता. आई चुलीपाशी आली आणि म्हणाली, “नाय जायचं. आपल्यात पोरी रात्रीच्या भायेर नाय राहत.” बस, एवढंच. पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. मी आईवरचा तो राग अजून गिळलेला नाही, आणि खोटं कशाला बोलू, गिळायचा प्रयत्नही कधी केला नाही. म्हणून मी भावजयीला सांगितलं, “आधी काम मिळव. मग बघू कोण अडवतं ते. झाकली मूठ सव्वा लाखाची.”

दुसऱ्या दिवशी जेवणं आटोपली आणि पुरुष मंडळी मांडवडहाळे आणायला रानात गेली. उंबराच्या, जांभळीच्या फांद्या तोडून वाजतगाजत आणायच्या, म्हणजे दोन-तीन तास तरी कोणी परत फिरकत नाही. बायका मांडवात हळद दळायला बसल्या. जात्याला आई बसली, कारण पाड्यात या कामाला पहिला मान तिचा. आम्हाला हीच वेळ सापडली. सकाळी गाण्याची पाळी भावजयीच्या फोनची होती, ती संपली होती आणि आता चुलत बहिणीच्या फोनवरून गाणी चालू होती. आम्ही दोघी पाय न वाजवता माळ्यावर चढलो.

घरात रेंज येते ती फक्त माळ्याच्या खिडकीपाशी, तीही तिच्याच सिमकार्डला. माझा फोन तिथे नुसता टाइम बघायला. खाली स्पीकरचा दणदणाट, म्हणून खिडकी लावून घेतली, फटीत गोधडी कोंबली, जिन्याचा दरवाजा ओढला. रेंज कमी म्हणून तिने आपला कॅमेरा बंद ठेवला. फोन वाजला. समोर एक चष्मेवाल्या मॅडम दिसल्या. त्यांचे ओठ हलले.

आवाज नाही.

“हॅलो मॅडम,” भावजय म्हणाली. मॅडमचे ओठ पुन्हा हलले. फोन मुका.

“आवाज वाढव.”

“पूर्ण वाढवलाय ताई.”

“सायलेंटवर असेल.”

नव्हता. आणि त्याच वेळी खालचं गाणं मधेच थांबलं. मी मनात म्हटलं, देव पावला, निदान आता शांतपणे बोलता तरी येईल. खाली कोणी बाई माइकवर काहीतरी बोलत असल्यासारखं पुसट ऐकू आलं. हळदीला बायकांना बोलवत असतील असं मला वाटलं आणि मी पुन्हा फोनमध्ये डोकं घातलं.

तिने ‘आवाज येत नाही’ असं लिहून पाठवलं. त्या मेसेजपुढे घड्याळाची खूण आली ती काही जाईना. मी फोन हिसकावून घेतला, खाली जिथून आवाज येतो त्या जाळीवर फुंकर मारली. पदराने पुसली. तांदळाचा कोंडा बसला असेल म्हणून साडीची पिन काढून टोकरायला लागले, तर तिने माझा हात धरला. “ताई, फुटेल ना.” मी तिच्यावर खेकसले. तिचा काहीएक दोष नसताना खेकसले. माझं हे असंच आहे, घाबरले की मी समोरच्यावर ओरडते.

फोन कापून परत लावावा तर मॅडम परत उचलतील याची खात्री नाही. न कापावा तर त्या किती वेळ मुक्यासारख्या बोलत बसणार? भावजयीच्या कपाळावर घाम आला होता. तिने पडद्यावरून बोट ओढून सगळी बटणं पाहिली. वर कोपऱ्यात ब्लूटूथची ती छोटी खूण दिसत होती, तिच्यावर आम्हा दोघींची नजर गेली आणि पुढे सरकली. आमच्या पाड्यात ती खूण कुणाच्याच फोनवरून कधी जात नाही. कपाळावरच्या टिकलीकडे कोण बघतं?

मग मॅडम हसल्या. चांगल्या मान हलवून हसल्या आणि काहीतरी लिहून घेतलं.

“ताई, या कुणाशी हसतायत?”

भावजय ‘हॅलो’पलीकडे एक शब्द बोललेली नव्हती आणि मॅडम मान डोलवत होत्या, पुढचं विचारत होत्या, थांबून ऐकत होत्या आणि पुन्हा लिहीत होत्या. मी म्हटलं, लाइन दुसरीकडे लागली असणार, त्यांना भलतीच मुलगी ऐकू जातेय, गेलं काम हातचं. भावजयीचे डोळे भरले. “माझं नशीबच असं हाय,” ती म्हणाली. मी म्हटलं, “नशिबाला कशाला बोलतेस, फोन डबडा आहे तुझा.” पण मलाही रडू यायला लागलं होतं.

चुलत बहिणीकडे कानात घालायचे बिनवायरचे हेडफोन होते. ते जोडून बघू, एवढाच उपाय मला सुचला. “फोन कापू नकोस. मी आले,” म्हणून मी जिना उतरले आणि मागच्या दाराने मांडवात शिरले.

मांडव चिडीचूप होता. जातं थांबलेलं. सगळ्या बायका ओट्याकडे तोंड करून बसलेल्या, आणि आई पिवळ्याजर्द हातांनी त्या स्पीकरपुढे उकिडवी बसलेली. स्पीकरमधून एक बाई शांतपणे विचारत होती, “आणि कॉम्प्युटर किती दिवस शिकल्या त्या?”

“सहा महिने,” आई म्हणाली. फोनवर बोलताना बोलते तशीच, मोठ्याने, अर्ध्या गावाला ऐकू जाईल अशी. “शहापूरला जायची रोज, माहेराहून. आमी बघायला गेलो तेव्हाच तिच्या बापाने सांगितलेलं. सर्टिफिकेट पण दाखवलेलं.”

माझी पाचावर धारण बसली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. सकाळी जोडलेला फोन स्पीकरने सोडलेलाच नव्हता. तो एका वेळी दोन फोन धरून ठेवतो, हे आम्हाला नंतर कळलं. इंटरव्ह्यूचा फोन आल्याबरोबर त्याने गाणं थांबवून मॅडमना मांडवात आणून बसवलं होतं. बंद करायलाही कोणी उठलं नव्हतं, सगळ्यांचे हात हळदीने भरलेले आणि स्पीकर पाड्याचा. आणि त्यालाच माइक, म्हणून इथलं सगळं तिकडे ऐकू जात होतं. ‘येईलच ती आता’ म्हणत कोण, कुठली, किती शिकलेली, मूल आहे का, सगळं आईने सांगून टाकलं होतं. आमची झाकलेली मूठ अख्ख्या मांडवात उघडी पडली होती.

मी ओट्यावर चढले आणि स्पीकरच्या बटणावर बोट ठेवलं. दाबलं की आवाज माळ्यावर जाणार, एवढं आता कळलं होतं. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, “मावशी, त्या येईपर्यंत तुम्हालाच एक विचारते. आमच्याकडे मुली कामाला लागतात आणि महिनाभरात घरचे बंद करतात. दुसऱ्या पाळीला रात्री उशीर होतो. तुम्ही पाठवाल का? खरं सांगा, म्हणजे मी त्यांचं नाव पुढे पाठवते. नाहीतर दुसरी मुलगी बघते.”

माझं बोट बटणावर. दाबायला हवं होतं. आई काय म्हणणार हे मला पाठ होतं, चुलीपाशी ते वाक्य मी ऐकलेलं होतं. दाबणार, तर आईने माझ्याकडे न बघताच तो पिवळा तळवा वर केला. थांब म्हणून.

शेजारची काकू आईच्या कानाशी वाकली. “बाय गो, पुरुषांना येऊ दे. मंग सांग काय ते.”

“त्यांना कशाला?” आई म्हणाली. मग स्पीकरकडे वळली. “रातची गाडी कुठवर सोडते?”

“शेणव्याच्या नाक्यापर्यंत. आत पाड्यात नाही येत.”

नाक्यापासून आमचा पाडा आत आहे, मधे ओहोळ आहे, आणि त्या वाटेला दिवा नाही. मॅडमना हे माहीत नसणार, पण मांडवातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं.

“नाक्यावरून मी आणीन तिला,” आई म्हणाली.

“रोज?”

“रोज. पावसात पण. तुमी तिला घ्या, बाकी मी बघते.”

“बरं मावशी. आता त्यांना द्या फोन.”

मी बटण दाबलं. स्पीकर गप्प झाला, आणि माळ्यावरून, गोधडी कोंबलेल्या खिडकीतूनसुद्धा, भावजयीचा दचकलेला आवाज आला, “हॅलो? हो मॅडम! येतोय आवाज, येतोय!”

काकूने नाक मुरडलं. “पुरुष आल्यावर आता बघ कसा धुरळा उडतो तो,” म्हणाली. आई उठून पुन्हा जात्यापाशी बसली, खुंटा धरला, मूठभर हळकुंडं आत सोडली. बायका पुटपुटत होत्या, पण गाणं लावायचं कुणाच्या लक्षात येत नव्हतं.

थोड्या वेळाने भावजय खाली आली. सोमवारी कागद घेऊन बोलावलं होतं. नाक लाल झालेलं, पदर तोंडाला लावलेला, आणि सासूपुढे यायला पाय उचलत नव्हते. तिला अजून धड ठाऊक नव्हतं खाली काय झालं ते. आई म्हणाली, “बस जात्याला, माझा हात दुखाय लागला.” ती बसली. आई उठून पाण्याच्या पिंपाकडे गेली आणि मी तिच्या मागे गेले.

मला आनंद झाला होता, हे आधी सांगते. पण त्या आनंदाच्या खाली दुसरंच काहीतरी उकळत होतं आणि ते मला आवरेना. सुनेसाठी ओहोळ ओलांडायची तयारी, आणि पोटच्या पोरीसाठी एक शब्द नाही? मी तांब्याने तिच्या हातावर पाणी घालत होते.

“तिला नाक्यावरून आणणार तू. रोज. पावसात पण,” मी म्हटलं. “मग माझ्या वेळी का नाय म्हणालीस?”

आई हात चोळत राहिली. हळद काही निघत नव्हती.

“तुझ्या वेळी माझं कोण ऐकत होता गो? भायेर ओट्यावर पुरुषांनी ठरवलं. तुझा बाप आत आला नि मला बोलला, पोरीला सांग, नाय जायचं. मी येऊन तुला सांगितलं.”

मी पाणी घालायची थांबले.

“ह्या घरात येऊन माझा जन्म गेला,” आई म्हणाली, “आज पहिल्यांदा मला कोणी विचारलं, पाठवाल का म्हणून. ते पण चुकून.”