ट्रकला सलाइन

माझ्या मेहुण्याचा ट्रक मी मोजमाप करून बंद पाडला. लोक निष्काळजीपणाने गाड्या बंद पाडतात. मी अत्यंत काळजीपूर्वक पाडला, एवढाच फरक.

शंकर म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. त्याने एक जुना ट्रक घेतला होता. दसऱ्याच्या सकाळी साखर कारखान्याचा मुकादम ऊस वाहतुकीसाठी गाड्या पारखणार होता. भरलेली गाडी नदीकडून कसबा बावड्याचा चढ चढली, तर हंगामभर काम. नाही चढली, तर ट्रक दारात, शंकर पलंगावर आणि त्याचं सगळं बिऱ्हाड राजारामपुरीतल्या आमच्या दोन खोल्यांत. (ते आधीच येऊन राहिलं होतं. प्रश्न फक्त त्याच्या परत जाण्याचा होता.)

ट्रक किंचित काळा धूर टाकी. मिस्त्री म्हणाला, जुनी गाडी आहे, टाकणारच. मी पाटबंधारे खात्यात पाण्याची मापं घेणारा माणूस. ‘टाकणारच’ हे उत्तर मला पुरेना. धूर काळा म्हणजे हवा कमी. मग ती किती कमी, हे मोजायला नको? मी इंग्रजी यू-सारखी वाकवलेली काचेची एक नळी आणली, तिच्यात निम्मं पाणी भरलं. हवेच्या फिल्टरकडून इंजिनाकडे जाणाऱ्या पाइपाला भोक पाडून तिथून रबरी नळी काढली आणि काचेची नळी आरशाच्या दांडीला टांगली. हवा अडली की पाणी चढणार. इतकं सोपं.

सोपं नव्हतं ते भोकाची जागा ठरवणं. फिल्टरजवळ पाणी हलेना. पाइपाच्या वळणावर ते इतकं नाचलं की वाचता येईना. इंजिनाला अगदी चिकटून भोक पाडलं, तर इंजिनाने एका घोटात सगळं पाणी पिऊन टाकलं आणि म्हाताऱ्यासारखं खोकलं. जुनी भोकं बुजवत मिस्त्री शंकरला म्हणाला की पाइप आता बासरीच्या कामाचा झालाय.

शेवटी मधली जागा सापडली. पण टांगलेली नळी बघून गल्लीत बातमी पसरली की शंकरच्या ट्रकला सलाइन लावलंय. लोक येऊन बॉनेटवर हात ठेवून विचारपूस करू लागले. कोपऱ्यावरचा दूधवाला तर रोज खिडकीखालून ओरडे, “दाजी, पेशंटला काय खायला देताय काय न्हाय?”

खंडेनवमीला घरातली हत्यारं पूजेला लागली: विळी, शंकरचे पाने, माझी फुटपट्टी. शंकरच्या बायकोने, सकूने, माझ्या नळीलाही कुंकू लावलं. पहिल्यांदाच कुणीतरी तिचा मान राखत होतं. मी भारावून सकूला सगळी रचना समजावली. बॉनेटच्या कडेला बाहेर आलेलं तोंड दाखवून म्हणालो, “इथनं गाडी श्वास घेते. सगळा खेळ ह्या तोंडाचा.”

मग झेंडूचा सगळ्यात जाड हार तिने त्याच तोंडाला घातला. एका जागी राहीना म्हणून दोन वेढे दिले आणि टोकं आत खोचली. मी बघत होतो. मला तो माझ्या विद्येचा सत्कार वाटला.

दसऱ्याच्या सकाळी चढाच्या पायथ्याशी भरलेला ट्रक उभा राहिला. दसरा पार पडल्याशिवाय हार काढायचा नाही, अशी बायकोची सक्त ताकीद होती. मुकादम रस्त्याच्या कडेला उभा. शंकरने गाडी काढली. थोडं वर गेलो आणि ट्रक गुरगुरायला लागला. मागे इतका काळा धूर झाला की सायकलवाले उतरून चालू लागले. शंकरचा चेहरा घामाने थबथबला. मी शेजारी बसून नळीकडे बघत होतो आणि (सांगायला लाज वाटते) खूश होतो. पाणी कधी नव्हे इतकं वर चढलं होतं.

“शंकर, हवा अडलीय!” मी म्हणालो.

“ते मलाबी कळतंय की, दाजी. कुठं अडलीय?”

“फिल्टरमध्ये. शंकाच नको.”

ट्रक बंद पडला. चाकांना दगड लावले. आम्ही फिल्टर उघडला. तो स्वच्छ होता. परत बसवला, परत उघडला. कारण पाणी खोटं बोलणार नाही, यावर मी ठाम होतो. दरम्यान दुसऱ्यांच्या दोन गाड्या आमच्या शेजारून चढून गेल्या. शंकर रस्त्याच्या कडेला बसला आणि मातीत रेघोट्या ओढू लागला. त्याच्या हंगामाचा अंत्यविधी चालला होता आणि हारसुद्धा आम्हीच घालून आणला होता.

मुकादम चालत आला. त्याने नळी पाहिली, कुंकू पाहिलं, मग गाडीच्या त्या तोंडात हात घालून ओल्या झेंडूचा भलामोठा बोळा बाहेर ओढला.

“पावणं, गाडीचं नाक दाबून तिला चढ चढवताय व्हय?”

 

मुकादमाला शंकरची दया आली असावी. त्याने पुन्हा एकदा संधी दिली. फक्त अट घातली, “नळी काढा. आन् ह्या दाजींनाबी खाली उतरवा.”

दोन्ही उतरवलं. ट्रक एका दमात चढून वर गेला आणि शंकरला काम मिळालं. हवा नेमकी कुणापाशी अडत होती, याचं माप त्या दिवशी सगळ्या बावड्याला मिळालं. आणि ती नळी घेऊन मी राजारामपुरीपर्यंत चालत आलो.