सोमीचा बांध आणि तुटक रेघ

चौक गावाच्या वर डोंगराला लागून जी ठाकूरवाडी आहे, तिथली सोमी पारधी. वय पन्नाशीचं. नवरा धाकलू सहा वर्षांपूर्वी गेला. वरचं नाचणीचं शेत ती आता एकटी करते. सून वनिता घर बघते.

गेल्या थंडीत तीन दिवस एक छोटं विमान वाडीवरून ये-जा करत होतं, नांगर फिरवावा तसं. कुणी म्हणालं धरण होणार, कुणी म्हणालं रस्ता. दोन महिन्यांनी आसावरी आली. कर्जतच्या मास्तरांची लेक, पुण्यात भूगर्भाचा अभ्यास करणारी. डोंगर पाठ असलेलं माणूस तिला हवं होतं. सगळ्यांनी सोमीकडे बोट दाखवलं.

आसावरीने ओट्यावर नकाशा पसरला. सोमी बघतच राहिली. डोंगर तोच, पण त्यावर एक झाड नव्हतं.

"आमचं रान कुठं गेलं?"

"रान आहे तिथेच आहे, सोमीताई. विमानातून लेझरचा उजेड सोडतात. बराचसा पानांवर अडतो, थोडा फटींतून जमिनीवर पोचतो. परत यायला त्याला किती वेळ लागला, त्यावरून उंची कळते. पानांवरून परतलेला बाजूला काढला की नुसती जमीन दिसते."

"अन् ही रेघ?"

"तीच बघायची आहे. भूकंपात इथे जमीन सरकली असेल, असं वाटतंय."

दोघी चढून गेल्या. रेघ सुरू होत होती तिथे सोमी थांबली आणि ओशाळली. "बाई, हा तर आमचा बांध! मी नि मालकानं घातला. दोन उन्हाळे दगड वाहिले."

आसावरीचा चेहरा पडला. तिने पेन्सिलीने रेघेवर फुली मारली आणि स्वतःशीच हसली. बांध घालून आपण काही चूक केली की काय, असं सोमीला वाटायला लागलं. भाकरी खाताना तिने पुन्हा नकाशा ओढून घेतला.

"पण वहाळाच्या पल्याड आमी एक दगड लावला नाय. रेघ तर तिकडं बी हाय."

कारवीची झुडपं बाजूला सारत दोघी ओढ्यापलीकडे गेल्या. तिथे गुडघाभर उंचीची पायरी होती, लांबच लांब. मोळी डोक्यावर घेऊन सोमी तीस वर्षं ती उतरत होती, पण तिच्याकडे कधी लक्ष गेलं नव्हतं.

"बांध तिथेच का घातलात?" आसावरीने विचारलं.

"तितं जमीन आयतीच पायरीसारकी होती. नायतर चार उन्हाळे लागले असते."

आसावरीने फुली खोडली.

"मंग ही रेघ माजी का जमिनीची?"

"दोघींचीही असेल. मलाही कळत नाहीये."

वैशाखात वहाळापलीकडे त्या पायरीला आडवा चर खणला. सोमीही खणायला होती. चराच्या भिंतीत एकीकडे पिवळा मुरूम, दुसरीकडे तांबडी माती, मध्ये चुरा झालेले दगड. आसावरी सकाळी म्हणाली, जमीन सरकलीय. दुपारी म्हणाली, जुनी दरडही असू शकेल. माती काळ्या नळ्यांत भरून नेली. ती शेवटची कधी उजेडात होती ते म्हणे यंत्र सांगतं.

इकडे सोमीचं घरकुल मंजूर झालं होतं आणि जागा नेमकी बांधाखाली होती. वनिता रोज विचारायची, "आत्या, पाया कुठं काढायचा?" शेवटी सोमीने फोन लावला.

"सरकली असावी," आसावरी म्हणाली, "पण हजारो वर्षांपूर्वी. सगळ्या तपासण्या जुळत नाहीत. नकाशात रेघ तुटक ठेवलीय, म्हणजे खात्री नाही अशी."

"म्हंजे परत हलंल का नाय?"

"खरंच सांगता येत नाही. माझं घर असतं तर रेघेवर बांधलं नसतं, एवढंच."

"मंग किती लांब?"

"पंचवीस पावलं तरी."

सोमीने पावलं मोजली. मग मनात आलं, कुणाची पावलं? बाई उंच, आपण बुटकी. वनिताला चालायला लावलं, तर खूण भलतीकडेच आली. गवंडी पाया आखायची फक्की घेऊन ताटकळला. सोमीने दोन्ही खुणा बघितल्या आणि लांबची धरली. त्यात नाचणीचा चांगला तुकडा गेला.

दिवाळीत घर उभं राहिलं. वाडीतले लोक विचारतात, रेघेची भीती आहे का गं? सोमी आधी नाय म्हणते, मग हाय म्हणते, आणि दोन्ही वेळा तिला ते खरंच वाटतं.