वास्तू ऐकत होती

मुलीनं नेहमी चांगलाच विचार करावा म्हणून मी तिला शिकवलं होतं, घरात वाईट बोलायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणते. मोठा शहाणा बाप मी! तिची आई आजारी पडली तेव्हा आठ वर्षांच्या पोरीनं विचारलं, "बाबा, आई मरेल का?" मी खेकसलो, "असलं अभद्र तोंडातून काढू नकोस!" त्यानंतर तिनं कधीच विचारलं नाही. नुसती हसत राहायची. महिन्याभरात तिची आई गेली. दहाव्याला रामकुंडावरून मी परतलो, तर पोरगी मला हाताला धरून पार फाटकाबाहेर घेऊन गेली. घराला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, "बाबा, मी तेव्हा घरात बोलले, म्हणून आई गेली ना?"